दुधी, पडवळ, शिराळ्याची कोवळी फळं पिवळी पडून गळतात? आधी गळलेलं फळ कापून बघा

दरवर्षी श्रावण लागला की ओळखीतल्या चार-पाच जणी तरी हाच प्रश्न विचारतात. वेल मांडवभर पसरलाय, पानं हातापेक्षा मोठी आहेत, फुलं ढीगभर येतायत, छोटी छोटी फळं पण धरतायत आणि मग बोटाएवढी झाली की पिवळी पडून टपाटप गळतायत. काय मारू? कुठलं औषध? आणि प्रश्न विचारेपर्यंत त्यांनी काहीतरी मारलेलं असतंच, कोणी युरिया घातलेला असतो, कोणी ताक फवारलेलं असतं, कोणी दुकानातून बाटली आणलेली असते. मला खरंच कळकळीने सांगायचंय की काहीही घालायच्या, मारायच्या आधी खाली पडलेलं फळ उचला, सुरीने उभं कापा आणि नीट बघा. फळगळ हा काही एक रोग नाही, तीन-चार वेगवेगळ्या कारणांनी फळ गळतं आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर सीझन हातातून जातो. माझे दोन सीझन असेच गेलेत म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, मागे साधारण पंधरा बाय वीस फुटाचं परसू, जांभ्याचा गडगा, एका बाजूला विहीर. पावसाळ्यात मृगात म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बिया लावायच्या, कारण गणपतीत आणि ऋषिपंचमीला घरचं शिराळं, पडवळ, भोपळा पाहिजेच. ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, त्यामुळे परसातलंच लागतं आणि नेमकं त्याच वेळी वेलावर काही राहत नाही हे आमच्याकडे ओळीने दोन वर्षं झालं.

आता फळ कापलं की काय दिसतं ते सांगते.

फळ टोकाकडून, म्हणजे जिकडे फूल होतं तिकडून पिवळं पडत आलंय, सुरकुतलंय, बाहेर कुठे भोक नाही, आत कापलं तर कोरडंसं, स्वच्छ, अळी नाही, बी भरलेलीच नाही, नुसते पांढरे ठिपके. हे फळ मुळात फळ झालेलंच नाही. मादी फुलाच्या मागे जन्मापासूनच छोटा दुधी असतो, त्याला परागकण मिळाले तर तो वाढतो, नाही मिळाले तर चार-पाच दिवसात पिवळा पडून जातो. आपल्याला वाटतं फळ धरलं आणि गळलं, पण ते धरलंच नव्हतं.

दुसरा प्रकार म्हणजे फळ वाकडं झालंय, एका बाजूने खोलगट, त्या खळग्यात सुईने टोचल्यासारखं बारीक भोक आणि त्यावर डिंकाचा छोटा मणी, कधी पारदर्शक कधी तपकिरी. कापलं की आत पिवळट मऊ लगदा आणि पांढऱ्या अळ्या. ही फळमाशी. मी पहिल्यांदा असं शिराळं कापून ताटलीत ठेवलं आणि पाच मिनिटात त्यातल्या दोन अळ्या अंगाचं वेटोळं करून टुणकन उडी मारून ताटलीच्या बाहेर पडल्या, मी दचकलेच. नंतर कळलं की वाढ पूर्ण झालेली अळी अशीच उड्या मारत फळातून बाहेर पडते आणि मातीत शिरते, तिथे कोष करते. हे लक्षात ठेवा, उपायाच्या वेळी कामाला येईल.

तिसरं म्हणजे भोक नाही, अळी नाही, बी पण थोडी भरलेली आहे, तरी फळ मध्येच वाढायचं थांबलं. तेव्हा वेलावर नजर फिरवायची, कुठेतरी पानाआड एखादा मोठा जून भोपळा लटकत असतो.

आधी परागीकरणाचं सांगते कारण पावसाळ्यात घरच्या बागेत सगळ्यात जास्त हेच असतं आणि याच्यातच मी सगळ्यात जास्त चुकले.

नर आणि मादी फूल ओळखता येत असेलच, तरी सांगते. नर फूल लांब बारीक देठावर नुसतं उभं, मादी फुलाच्या पाकळ्यांच्या मागे लवदार इवलासा दुधी. वेल लावल्यावर साधारण चाळीस दिवसांनी फुलं सुरू होतात आणि पहिले दहा-पंधरा दिवस नुसती नर फुलंच येतात, उमलतात आणि गळतात. ते नॉर्मल आहे, त्याला काही करायचं नाही, घाबरायचं नाही. मादी दिसायला लागली की काम सुरू.

मी व्हिडिओ बघून शिकले होते की सकाळी सकाळी नर फूल तोडून मादीवर फिरवायचं. लाल भोपळ्याला केलं, मस्त धरले. मग तेच सकाळी सातला दुधीला करत बसले, कितीतरी दिवस गेले, एक फळ धरलं नाही. एक दिवस सासूबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अगो, त्याची फुलं तिन्हीसांजेला उमलतात, सकाळी त्या मेलेल्या फुलांशी काय करतेस?" आणि खरंच, मी त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला जाऊन उभी राहिले. कळ्या दिवसभर हिरवट मिटलेल्या असतात, उजेड कमी व्हायला लागला की त्या सैल होतात आणि अर्ध्या तासात पांढरी, चुरगळलेल्या मलमलीसारखी पाकळी पसरते, अंधारात पण दिसते. रात्री पतंग येतात त्याच्यावर, मधमाशी नाही. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं की फूल मान टाकतं. म्हणजे मी सकाळी जात होते तेव्हा रात्रभर उमललेल्या शिळ्या फुलाला हात लावत होते.

तर टायमिंग असं आहे. दुधी संध्याकाळी. पडवळ पण संध्याकाळनंतर, ती झालर असलेली पांढरी फुलं, रात्रीची शोभा बघण्यासारखी असते. शिराळं म्हणजे घाटावरचा दोडका, फिकट पिवळं फूल, दुपार कलल्यावर ते संध्याकाळ. पण घोसाळं मात्र सकाळी, गडद पिवळं फूल, शिराळ्याचा सख्खा भाऊ असून वेळ उलटी. कारलं, काकडी, लाल भोपळा सगळे सकाळचे आणि लाल भोपळ्याचं तर नऊ-दहा वाजेपर्यंत मिटायला लागतं त्यामुळे चहा नंतर, आधी भोपळा. ज्यांच्याकडे तीन-चार प्रकारचे वेल एकाच मांडवावर आहेत त्यांनी एकदा संध्याकाळी आणि एकदा पहाटे चक्कर मारून आपलं कुठलं फूल कधी उमलतंय ते स्वतः बघावं, ढगाळ हवेत वेळ पुढेमागे होते.

करायचं काय, तर त्याच संध्याकाळी उमललेलं ताजं नर फूल देठासकट तोडायचं, पाकळ्या मागे ओढून काढून टाकायच्या, मधे जो पिवळा दांडा राहतो तो बोटाला लावून बघा, पिवळी पूड लागली पाहिजे. नाही लागली तर ते फूल ओलं किंवा शिळं. मग मादी फुलाच्या मधे जे तीन भागांचं जाडसर चिकट दिसतं त्याच्या तिन्ही भागांवर तो दांडा हलक्या हाताने फिरवायचा. तिन्ही भागांवर हे महत्त्वाचं आहे, एकाच बाजूला लागलं तर फळ एका बाजूने फुगतं आणि वाकडं होतं, मग लोकांना वाटतं माशी लागली. एक नर फूल दोन-तीन मादींना पुरतं. ब्रश, कापूस असलं काही लागत नाही.

पण कोकणात प्रश्न पावसाचा. संध्याकाळी नेमका धो धो लागतो, परागकण भिजले की संपलं, आणि पतंग-माश्या तर बाहेरच पडत नाहीत, म्हणून तर श्रावणात एवढी गळ होते. याला मी आता असं करते की दुपारी चारच्या सुमाराला मांडवाखाली जाऊन ज्या नर कळ्या आज उमलणार (टोकाला पांढरं दिसायला लागलेलं असतं) त्यातल्या चार-पाच लांब देठासकट तोडून आणते आणि स्वयंपाकघरात ओट्यावर पाण्याच्या पेल्यात ठेवते, त्या संध्याकाळी घरातच उमलतात, एकदम कोरड्या खणखणीत. मादी कळीवर कागदी कप उपडा घालून दोऱ्याने सैल बांधून ठेवायचा. मग पाऊस जरा थांबला की छत्री, टॉर्च घेऊन जायचं, कप काढायचा, पराग लावायचा, परत कप घालायचा, दुसऱ्या दिवशी दुपारी काढून टाकायचा. पाच मिनिटांचं काम आहे. ज्याला लावलं त्याच्या देठाला मी लाल लोकर बांधते म्हणजे कुठलं केलं कुठलं राहिलं ते कळतं. तीन दिवसात फरक दिसतो, धरलेलं फळ चकचकीत होतं, देठ जाड होतो, मान खाली घालतं. न धरलेलं निस्तेज होऊन टोकाला पिवळं.

आणि एक, कडुनिंबाचं तेल वगैरे फवारायचं असेल तर सगळीकडे लिहिलेलं असतं "संध्याकाळी फवारा". दुधी, पडवळाला संध्याकाळी नको, तेव्हाच फुलं उमलतायत, पतंग येतायत. त्यांना सकाळी लवकर फवारा, आणि ज्यांची फुलं सकाळची त्यांना संध्याकाळी.

काही जणींचं वेगळंच असतं, मादी फूलच दिसत नाही. दोन महिने होऊन गेले, नुसती नर. तिथे मी पहिला प्रश्न विचारते, युरिया किंवा कोंबडीखत किती घातलं? नत्र जास्त झालं की वेल पानावर जातो, काळाकुट्ट हिरवागार दिसतो, बघणारा कौतुक करतो पण फळाच्या नावाने शून्य. ते बंद करायचं, चुलीची चाळलेली राख असेल तर बुंध्यापासून हातभर लांब मूठ-दोन मूठ टाकायची आणि शेंडा खुडायचा. दुधीच्या मुख्य वेलावर नर फुलं जास्त आणि बगलफुटींवर मादी जास्त येतात, म्हणून वेल मांडवाला पोचला, साधारण सहा-सात फूट झाला की शेंडा नखाने खुडून टाकायचा, बाजूने फुटवे येतात, त्यांच्यावर फळ. जीव होत नाही हे मला माहितीये, एवढा सरसर चढणारा शेंडा तोडायचा म्हणजे, पण करून बघा. उन्हाळी वेलांना तर कडक उन्हात आणि मोठ्या दिवसात नर फुलांचं प्रमाण आपोआपच वाढतं, म्हणून उन्हाळ्याचे वेल जानेवारीतच लावून घ्यायचे, मार्चअखेर लावून मग रडण्यात अर्थ नाही.

आता फळमाशी. ही दिसायला घरमाशीपेक्षा जरा सडपातळ, तपकिरी, पाठीवर पिवळे पट्टे, पंखांवर काळपट डाग. ती कोवळ्या फळाच्या सालीत टोचून आत अंडी घालते, दिवस-दीड दिवसात अळ्या, आठवड्याभरात त्या पोसून मातीत, मातीत आठ-दहा दिवस कोष आणि परत माशी. म्हणजे उबदार हवेत अडीच-तीन आठवड्यात पुढची पिढी तयार. तुम्ही गळलेलं फळ मांडवाखाली तसंच ठेवलंत किंवा उचलून शेजारच्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकलंत तर तुम्ही स्वतः पुढची पिढी पोसताय. हे मी दोन वर्षं केलं, खड्डा मांडवापासून सहा फुटावर होता.

फळ टोचून झाल्यावर वरून काहीही मारलं तरी आतल्या अळीला काही होत नाही. म्हणून इथे फवारणी नाही तर स्वच्छता आणि अडवणूक. रोज सकाळी गळलेली आणि वेलावरची वाकडी डिंकवाली फळं गोळा करायची, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि पंधरा दिवस तशीच ठेवायची, ऊन असेल तर उन्हात. खोल पुरायचं असेल तर दोन फूट तरी, वर माती दाबून, वरवर पुरलं तर माशी वर येतेच. मांडवाखालची माती आठवड्यातून एकदा खुरप्याने दोन-तीन इंच हलवायची, कोष वर येतात, कोंबड्या असतील तर त्यांना सोडा, त्या बरोबर वेचतात. थोडी निंबोळी पेंड मातीत मिसळायची.

मग अडवणूक. फळ धरलं हे नक्की झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच त्याला पिशवी. जुन्या सुती साडीची किंवा मच्छरदाणीच्या कापडाची लांबट पिशवी शिवून घ्या, देठाशी दोरा सैल बांधा, शिराळं-पडवळाला लांबी भरपूर ठेवा. वर्तमानपत्राचा कागद उन्हाळ्यात छान, पावसात लगदा होतो. उशीर करायचा नाही, माशीला कोवळंच फळ आवडतं, कधी कधी तर फूल उमलायच्या आधीच टोचून जाते. दुधी तळहाताएवढा झाला, साल जरा घट्ट झाली की धोका कमी होतो, पण मी तरी काढेपर्यंत पिशवी ठेवते.

सापळ्याबद्दल नीट वाचा कारण इथे पैसे वाया जातात. मला एका दुकानात फळमाशीचा सापळा म्हणून जो दिला त्यात मिथाइल युजेनॉलची (वासाने नर माश्यांना ओढणारी) वडी होती, महिनाभर टांगला, माश्या भरपूर अडकल्या, मी खूश, आणि शिराळी तशीच किडत होती. कारण मिथाइल युजेनॉलला येतो तो आंबा-पेरूच्या फळमाशीचा नर. वेलवर्गावरच्या माशीसाठी क्यू ल्यूर नावाची वेगळ्या वासाची वडी लागते, तिचे नर त्यालाच येतात. मागताना "काकडीवर्गीय पिकांसाठीचा क्यू ल्यूर" असं स्पष्ट मागा आणि पाकिटावर वाचून घ्या. आपल्या दापोली कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा आहेच, कुठला सापळा घेता त्यापेक्षा आत कुठली वडी आहे ते महत्त्वाचं. छोट्या परसाला एक, फार तर दोन पुरतात, मांडवाच्या कडेला सावलीत, साधारण कमरेच्या वर टांगायचा, पाणी आत जाणार नाही असा, आणि वडी दीड-दोन महिन्यांनी बदलायची. आणि हे पण समजून घ्या की यात फक्त नर अडकतात, अंडी घालणारी मादी बाहेरच असते, त्यामुळे नुसता सापळा टांगून फळं वाचत नाहीत, रोजची फळं उचलणं आणि पिशवी हे पाहिजेच.

आता तिसरं, जून फळाचं. हे कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. पहिला भोपळा छान आला की आपण म्हणतो राहू दे बियाण्याला. वेलाच्या दृष्टीने बी तयार झाली म्हणजे काम झालं, तो सगळं पोषण त्याच्याकडे वळवतो आणि मागची कोवळी फळं सोडून देतो. एका वेलावर एक जून दुधी लटकला असेल तर पुढची चार फळं गळतात हे मी स्वतः बघितलंय आणि तो काढल्यावर आठ दिवसात परत धरायला लागली. म्हणून कोवळं असतानाच काढायचं. नख लावून बघा, सहज रुतलं पाहिजे. शिराळ्याला शिरा हाताला कडक लागायच्या आत. काढत राहिलात की वेल देत राहतो.

पाण्याचं थोडक्यात. उन्हाळ्यात बुंध्याला आळं करायचं, पण पाऊस सुरू झाला की तेच आळं फोडून उंचवटा करायचा, नाहीतर मुळं पाण्यात बसतात, पानं पिवळी आणि फळं पण. उन्हाळ्यात उलट, दोन दिवस पाणी नाही आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर, याने पण गळ होते. रोज थोडं थोडं, बुंध्यात पालापाचोळा. दहा बाय दहाच्या मांडवाला दोन वेल, जास्तीत जास्त तीन. मी सहा लावले होते, खाली अंधार झाला आणि फुलंच दिसेनात.

अजून एक काळजीची गोष्ट, विषय वेगळा आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुधी किंवा काकडी कापल्यावर आधी छोटा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर पूर्ण फळ टाकून द्या, शिजवून कडूपणा जाईल म्हणून ठेवू नका आणि कडू दुधीचा रस तर अजिबात कोणी पिऊ नका. त्याने उलट्या, रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावलीयत.

बियाण्यासाठी फळ ठेवायचंच असेल तर गणपती झाले की ठेवा. निरोगी वेलावरचं, पिशवीत वाढलेलं, वाकडं नसलेलं एक फळ निवडा, त्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधा म्हणजे घरातलं कोणी भाजीला तोडणार नाही. तोपर्यंत भाजीपुरती फळं काढून झालेली असतात त्यामुळे बाकीची गळली तरी जीव हळहळत नाही. दुधी वेलावरच वाळू द्यायचा, साल खाकी आणि लाकडासारखी कडक होते, वेल सुकून जातो, आणि फळ कानाशी धरून हलवलं की आत बिया खुळखुळायला लागल्या म्हणजे काढायचा.